‘तुला झेपणार नाही’ हे ठरवणारे तुम्ही कोण?

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमध्ये पुढचे पंधरा दिवस एकच वाक्य फिरत असतं. ‘सायन्स तुला झेपणार नाही, आर्ट्स घे.’ हे वाक्य शाळेतले सर म्हणतात. कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म घेणारा क्लार्क म्हणतो. नोकरीला लागलेला चुलत मामा म्हणतो. आणि चार घरची धुणीभांडी करून पोराला दहावीपर्यंत आणणारी आईही शेवटी तेच म्हणते, कारण तिला तसं सगळ्यांनी सांगितलेलं असतं. पोराला 58 टक्के असोत की 78, वाक्य बदलत नाही.

मी दरवर्षी जून महिन्यात वस्तीतल्या मुलामुलींसोबत अकरावीचे फॉर्म भरायला बसतो. तिथे जे दिसतं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. अकरावीला गणित, भौतिकशास्त्र असे अवघड समजले जाणारे विषय कोण घेणार आणि घेतल्यावर कोण टिकणार, हा त्या एका पोराच्या बुद्धीचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. तो जातीच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे, म्हणून तो चळवळीचाही प्रश्न आहे. आणि चळवळीने तो आजवर हातात घेतलेला नाही.

आरक्षण दारापाशी, रस्ता मात्र आधीच बंद

आपण आरक्षणासाठी मोर्चे काढतो, न्यायालयात जातो. ते केलंच पाहिजे. पण आरक्षण कुठे लागू होतं ते नीट पाहा. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. मागास प्रवर्गाला पात्रतेसाठी 45 ऐवजी 40 टक्के गुण चालतात, जागाही राखीव आहेत. मेडिकलचंही तसंच, ‘नीट’ला बसायला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं. म्हणजे आरक्षण बारावीनंतरच्या दारापाशी उभं आहे. ज्या पोरीने सोळाव्या वर्षी कोणाच्या तरी सांगण्यावरून गणित सोडलं, ती त्या दारापर्यंत पोचतच नाही. तिच्यावर अन्याय झाला याची नोंद कुठेच होत नाही. तिचा अर्ज नाकारला गेलेला नसतो, तिने अर्ज केलेलाच नसतो.

आता यात सरकारचा हातभार बघा. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद चर्चेत आली. दहावीला गणित किंवा विज्ञानात 35 च्या ऐवजी 20 गुण असले तरी अकरावीला जाता येईल, मात्र गुणपत्रिकेवर शेरा असेल की या विद्यार्थ्याला पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही. वरवर बघितलं तर हे दयाळूपणाचं आहे. नापासाचा शिक्का नको, पोराचं वर्ष वाया जायला नको. पण विचार करा, 20 ते 35 च्या मध्ये कोणाची मुलं असतील? ज्या शाळेत गणिताचा शिक्षक वर्षभर नव्हता, त्या शाळेतली. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेली. घरात एकच खोली आणि त्यात टीव्ही असलेली. शिक्षक न देणारी व्यवस्था स्वतःच्या गुणपत्रिकेवर शेरा मारून घेत नाही, तो पोराच्या गुणपत्रिकेवर मारते. नापास झालेला पोरगा पुन्हा परीक्षेला बसून गणित सोडवू शकतो. शेरा बसलेल्याला मात्र व्यवस्थेने सांगून टाकलेलं असतं की हा विषय तुझा नाही.

‘हा विषय तुझा नाही’ हे आपल्याला नवीन आहे का?

बाबासाहेबांचा विषय कोणी ठरवला होता?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. हा काही शंभर पिढ्यांपूर्वीचा इतिहास नाही. विसाव्या शतकात, मुंबईसारख्या शहरात, इंग्रजी राज्यात घडलेली गोष्ट आहे. 1907 साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, गुण होते 750 पैकी 282. आजच्या हिशेबाने साडेसदतीस टक्के. आजच्या अकरावीच्या प्रवेश खिडकीवर हा विद्यार्थी उभा राहिला असता तर त्याला काय सल्ला मिळाला असता, ते तुम्हीच सांगा.

त्याच विद्यार्थ्याने पुढे कोलंबियात अर्थशास्त्र केलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, तरी पैसे जमवून 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली. चलन आणि विनिमय दर हा त्या काळातला सर्वांत किचकट विषय होता. आणि जे संस्कृत नाकारलं गेलं, तेही त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने शिकून घेतलं.

या गोष्टीतून आपण दरवेळी एकच अर्थ काढतो, बाबासाहेब अलौकिक होते. ते होतेच. पण जयंतीच्या भाषणात एवढंच सांगितलं तर समोर बसलेला दहावीचा पोरगा मनात म्हणतो, ‘ते बाबासाहेब होते, मी नाही.’ दुसरा अर्थ जास्त कामाचा आहे. विषय नाकारणं हे जातीचं जुनं हत्यार आहे. आणि मॅट्रिकच्या गुणांवरून माणूस पुढे काय शिकू शकेल हे कळत नाही.

‘हुशारी’ नावाची गोष्ट

समाजशास्त्र शिकताना वाचलेला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण शाळकरी मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जितके सोडवाल तितके पैसे. कोणाची जात काय हे जाहीर केलं नाही तेव्हा दलित मुलं आणि सवर्ण मुलं जवळपास सारखीच चालली. मग दुसऱ्या गटात सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव, जात वाचून दाखवली. तिथे दलित मुलांची कामगिरी खाली घसरली. तेवढ्या वेळात त्यांची बुद्धी कमी झाली का? नाही. आपल्याकडे कोणत्या नजरेने बघितलं जाणार आहे, हे त्यांना कळलं होतं.

आता अकरावीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. पहिल्याच आठवड्यात ‘स्कॉलरशिपवाले हात वर करा’ असं भर वर्गात सांगितलं जातं. म्हणजे जात जाहीर झाली. त्यानंतर जो पोरगा शंका विचारायला हात वर करत नाही, त्याला आपण ‘लाजरा’ म्हणतो, ‘कच्चा’ म्हणतो. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला नाव दिलं होतं, सांस्कृतिक भांडवल. ज्याच्या घरात बाप इंजिनिअर आहे त्याला शंका कुठे विचारायची हे माहीत असतं, आणि शाळा त्या घरच्या शिकवणीलाच ‘हुशारी’ समजून गुण देते.

अकरावीत नेमकं काय घडतं

तरीही काही पोरं हट्टाने सायन्स घेतात. मग दिवाळीपर्यंत त्यांतली निम्मी खचलेली दिसतात. का खचतात, हे बारकाईने पाहिलं पाहिजे.

पहिला धक्का भाषेचा. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला ‘त्वरण’ माहीत असतं, ‘ॲक्सिलरेशन’ माहीत नसतं. ‘अवकलन’, ‘सदिश’ हे शब्द तर कोणत्याच भाषेत ऐकलेले नसतात. त्याला विषय कळत नाही असं वाटतं, प्रत्यक्षात वाक्य कळलेलं नसतं. दोन-अडीचशे संज्ञांची वही केली आणि तीन महिने रोज दहा शब्द घोटले तर हा डोंगर पार होतो. पण हे त्याला कोणी सांगत नाही.

दुसरा धक्का पुस्तकांच्या क्रमाचा. राज्य मंडळाच्या अकरावी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. त्यात सदिश आहेत आणि कलनशास्त्राची तोंडओळख आहे. गणिताच्या पुस्तकात मात्र सीमा आणि अवकलन हे दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी येतात. म्हणजे भौतिकशास्त्राचे सर जे गणित पावसाळ्यात वापरायला लागतात, ते गणिताच्या वर्गात वर्ष संपता संपता शिकवलं जातं. ज्यांच्या घरी शिकवणारं कोणी आहे किंवा ज्यांचा क्लास एप्रिलमध्येच सुरू झाला, त्यांना हे जाणवत नाही. आपलं पोरगं मात्र समजतं की मीच ढ आहे. पोरांनो, तुम्ही ढ नाही. तुमच्यासमोर जिन्याच्या पायऱ्याच उलट्या ठेवल्या आहेत.

तिसरी गोष्ट, ‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ ही अफवा. एमएचटी-सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीवर असतात. जेईई आणि नीटमध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. शिवाय बारावीचं सगळं कलनशास्त्र अकरावीच्या सीमा आणि त्रिकोणमितीवर उभं आहे. ज्याने अकरावी वाया घालवली, त्याची बारावी आपोआप वाया जाते.

चौथी गोष्ट पैशाची. गावोगावी ‘इंटिग्रेटेड’ नावाचा धंदा चालू आहे. प्रवेश कॉलेजात, शिक्षण क्लासमध्ये, फी लाखाच्या घरात. जे लाख देऊ शकत नाहीत ते कॉलेजात जातात, आणि तिथे वर्ग ओस पडलेले असतात, कारण शिकवण्याचं काम क्लासकडे गेलेलं असतं. सरकारची राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती दहावीला 75 टक्क्यांच्या वर असलेल्या अनुसूचित जातीच्या मुलाला अकरावी-बारावीसाठी महिन्याला 300 रुपये देते, वर्षाचे दहा महिने. एका बाजूला लाख रुपये, दुसऱ्या बाजूला तीन हजार. आणि शेवटी दोघांची तुलना एकाच गुणवत्ता यादीत.

काळ्या बांधवांकडून शिकण्यासारखं

दलित पँथरने 1972 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव आणि आवेश घेतला. पण त्या समाजाने गणिताच्या वर्गात जी लढाई केली, तिच्याकडे आपलं लक्षच गेलं नाही.

सत्तरच्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाच्या गणिताच्या तरुण अभ्यासकाला प्रश्न पडला. शाळेत चमकलेली काळी मुलं इथे कलनशास्त्रात नापास का होतात? प्राध्यापक म्हणायचे, जिद्द कमी, घरचं वातावरण नाही, पाया कच्चा. ट्राइसमनने मुलांबरोबर राहून पाहिलं. काळी मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासत होती, कोणता प्रश्न सगळ्यांनाच अडला हे त्यांना माहीत असायचं. म्हणून ट्राइसमनने काळ्या विद्यार्थ्यांचे गट केले. त्यांना ‘कच्च्या मुलांचे’ सोपे प्रश्न दिले नाहीत. वर्गातल्यापेक्षा अवघड प्रश्न दिले आणि एकत्र सोडवायला लावले. निकाल पालटला.

दुसरा माणूस बॉब मोझेस. साठच्या दशकात मिसिसिपीत काळ्यांची मतदार नोंदणी करताना त्याने मार खाल्ला, तुरुंग पाहिला. पुढे 1982 मध्ये स्वतःच्या मुलीच्या शाळेत बीजगणित शिकवलं जात नाही हे दिसल्यावर तो वर्गात जाऊन शिकवायला लागला, आणि त्यातून अल्जिब्रा प्रोजेक्ट उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की काल ज्याला मताचा हक्क नव्हता तो नागरिक नव्हता. आज ज्याला बीजगणित येत नाही तो अर्थव्यवस्थेबाहेर फेकला जाईल. म्हणून दोन्ही लढे एकाच जातीचे. 2021 मध्ये तो गेला, पण चळवळीतला कार्यकर्ता गणिताचा खडू हातात घेऊ शकतो हे दाखवून गेला.

मग सगळ्यांनी सायन्सच घ्यायचं का?

हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. विषयांची उतरंड हीसुद्धा एक वर्णव्यवस्थाच आहे. सायन्स वर, कॉमर्स मध्ये, आर्ट्स तळाला. मी स्वतः समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे, मला ती मान्य नाही. इतिहास, कायदा, भाषा, पत्रकारिता या क्षेत्रांत आपली माणसं नसतील तर आपली बाजू कोण मांडणार? आणि कोटासारख्या शहरांत स्पर्धेच्या ओझ्याखाली मुलांनी जीव दिलेत, हेही आपण पाहिलं आहे. ‘डॉक्टर झालाच पाहिजेस, समाजाचं नाव काढलंच पाहिजेस’ हा भार सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ठेवणं हा दुसऱ्या टोकाचा अन्याय आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे की आवडीने आर्ट्सला जाणं वेगळं आणि भीतीने ढकललं जाणं वेगळं. निवड तेव्हाच निवड असते, जेव्हा दुसरा रस्ता खरोखर उघडा असतो. आणि आर्ट्सला जाणाऱ्यानेही गणिताला रामराम करायची गरज नाही. राज्य मंडळाच्या गणिताच्या पुस्तकावरच ‘कला आणि विज्ञान’ असं छापलेलं आहे. उद्या अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र करायचं असेल तर ते गणित लागणारच. पण आपल्या तालुक्यातल्या किती कॉलेजांत आर्ट्सच्या मुलाला गणित मिळतं, जाऊन विचारा. नाही म्हणाले तर तसं लिहून मागा.

निवडताना आणि टिकताना

फॉर्म भरणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं असं.

एक, विषय सोडणं सोपं असतं, सोडलेला परत मिळवणं अवघड. जीवशास्त्र घेताना गणितही ठेवता येत असेल तर निदान अकरावीत ठेवून बघा. भार जास्त आहे, हे खरं. पण ‘नीट’ हुकली तर दुसरे रस्ते शिल्लक राहतात.

दोन, ‘जमेल का’ हे निकालाच्या टक्क्यांवरून ठरवू नका. जूनचा एक महिना दहावीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती पुन्हा सोडवा. त्यात हात बसला तर अकरावी घ्या.

तीन, पहिल्या चाचणीत दहा-बारा गुण पडले तर घाबरून शाखा बदलू नका. पहिली चाचणी बहुतेकांची पडते. आपल्याला मात्र ती जातीचा निकाल वाटते.

चार, एकट्याने अभ्यास करू नका. चार जण जमा. आठवड्यातून दोन संध्याकाळी. जे ज्याला कळलं ते त्याने फळ्यावर उभं राहून सांगायचं.

पाच, जातीचा दाखला आणि पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नका. ‘बौद्ध’ नोंद असलेल्यांनी केंद्राच्या नमुन्यातला दाखलाही वेळेत काढावा. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करा. मोठ्या शहरांत वर्षाला 60 हजारांपर्यंत मिळतात. बार्टीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आणि आपण, कार्यकर्त्यांनी?

सरकारकडे मागण्या मागायच्याच आहेत. 20 गुणांचा शेरा नको, त्याऐवजी नववी-दहावीला गणिताचा शिक्षक द्या. प्रत्येक अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या सुरुवातीला महिनाभराचा पूरक वर्ग द्या, भाषेचा आणि गणिताचा. ओस पडलेल्या वर्गांची तपासणी करा. 300 रुपयांची शिष्यवृत्ती आजच्या महागाईला साजेशी करा.

पण आपल्या हातात जे आहे त्याचं काय? बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, ते कला आणि विज्ञान या दोन्हींचं. त्यांनी निवेदन देऊन वाट पाहिली नाही.

प्रत्येक वस्तीत विहार आहे. संध्याकाळची वंदना झाली की त्याला कुलूप लागतं. तिथे एक फळा, दोन ट्यूबलाइट, आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक इंजिनिअर, एक एम.एस्सी. झालेली ताई, एवढं उभं करणं अशक्य आहे का? आपल्यातून शिकून पुढे गेलेली माणसं 14 एप्रिलला स्टेटस ठेवतात, 6 डिसेंबरला दादरला येतात. त्यांना नावानिशी गाठा आणि सांगा, साहेब, देणगी नको, दर शनिवारी दोन तास द्या. जयंतीची मिरवणूक हवीच, ती आपल्या अस्तित्वाची घोषणा आहे. पण डीजेच्या एका रात्रीच्या बिलात एका वस्तीचा गणिताचा शिक्षक वर्षभर बसतो, हा हिशेब मंडळाच्या बैठकीत एकदा मोठ्याने मांडा. वर्गणी देणाऱ्या आयाबहिणी कोणाच्या बाजूने हात वर करतात ते बघा.

‘झेपणार नाही’ असं सांगणारे उद्याही भेटतील. त्यांना उत्तर द्यायला भाषणं पुरणार नाहीत. या जूनमध्ये तुमच्या वस्तीतल्या किती मुलींनी गणित घेतलं आणि पुढच्या जूनमध्ये त्यातल्या किती टिकल्या, एवढे दोन आकडे विहाराच्या भिंतीवर लिहा. दुसरा आकडा कमी झाला तर दोष मुलींना देऊ नका. मंडळाची बैठक बोलवा.

जय भीम! नमो बुद्धाय!